पासवर्ड जाऊन डिजिटल ओळखपत्र येणार? नागपुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नंदनवनच्या एका वाचनालयात आम्ही काही जण रविवारी ऑनलाइन फॉर्म भरायला मदत करतो. महाडीबीटी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, विद्यापीठाचा परीक्षा फॉर्म, पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला असं काहीही असतं. फॉर्म भरणं सोपं असतं. घोडं अडतं ते बहुतेक वेळा लॉगिनवर. त्यामुळे ‘पासवर्ड काढून टाका आणि आधार कार्डानेच सगळीकडे आत जाऊ द्या’ अशी मागणी बरेच जण करतात. त्या निमित्ताने जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

पासवर्डमध्ये एवढं वाईट काय आहे? इतकी वर्षं चाललंच ना?

चाललं, पण ते ज्या कामासाठी आलं होतं ते काम आता राहिलेलं नाही. संगणकावर पासवर्ड आणला तो अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने. एकच मोठा संगणक अनेक जण वापरत आणि प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात, एवढाच हेतू होता. तिथेही १९६६मध्ये प्रोग्राममधल्या एका गडबडीमुळे सगळ्यांच्या पासवर्डांची यादी लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या पुढ्यात उमटली होती.

दुखणं तेच आहे. पासवर्ड तुम्हाला माहीत असतो आणि समोरच्या यंत्रणेकडेही त्याची काहीतरी नोंद असते. तुम्ही कितीही जपलं तरी तिकडून फुटू शकतो. २००९मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड बाहेर आले, तेही जसेच्या तसे साठवलेले. त्यात सगळ्यात जास्त वापरलेला होता ‘१२३४५६’.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. फॉर्म भरून देणाऱ्या एका दुकानातलं रजिस्टर मी पाहिलं आहे. लांबट, लाल कापडी पाठीचं, हिशेबाच्या वहीसारखं. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात मोबाइल नंबर, तिसऱ्यात युजर आयडी, चौथ्यात पासवर्ड. चौथ्या रकान्यात पान भरून वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता आणि त्याखाली ‘वरीलप्रमाणे’ची खूण. म्हणजे त्या पानावरच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीचं खातं एकाच पासवर्डने उघडत होतं. दुकानदाराचा हेतू वाईट नव्हता. पोरं पासवर्ड विसरतात, मग त्याच्याकडेच येतात, म्हणून त्याने सोय केली होती. पण रजिस्टर काउंटरवर उघडंच पडलेलं असायचं.

मग डिजिटल ओळखपत्र म्हणजे आधारचा फोटो मोबाइलमध्ये ठेवायचा का?

नाही. फोटो किंवा झेरॉक्स कोणीही बदलू शकतो. डिजिटल ओळखपत्र म्हणजे देणाऱ्या कार्यालयाने संगणकीय सही केलेली माहिती. त्यातलं एक अक्षर जरी बदललं तरी सही जुळत नाही. तुमच्या आधार कार्डावरचा मोठा क्यूआर कोड असाच असतो. त्यात नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो असतो आणि त्यावर यूआयडीएआयची, म्हणजे आधार देणाऱ्या संस्थेची, सही असते. म्हणून तो इंटरनेट नसतानाही तपासता येतो.

डिजीलॉकर या कागदपत्रं ठेवायच्या सरकारी ॲपमध्येही हाच फरक लक्षात ठेवा. १ जुलै २०१५ला सुरू झालेल्या या सेवेत ‘इश्यूड’ या भागातली कागदपत्रं थेट आरटीओ, बोर्ड, विद्यापीठ यांच्याकडून येतात आणि २०१६च्या नियमांमुळे त्यांना मूळ कागदाइतकाच मान आहे. तुम्ही स्वतः स्कॅन करून चढवलेल्या कागदाला तो मान नाही. व्हेरायटी चौकात पोलिसाने लायसन्स मागितलं तर पहिला प्रकार दाखवा.

पासवर्ड नसेल तर वेबसाइटला कळेल कसं की मीच आहे?

हा भाग नीट समजून घ्या, बाकी सगळं त्यावर उभं आहे.

व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६मध्ये एक कल्पना मांडली, की किल्ल्या जोडीने बनवायच्या. एक खासगी, जी कधीच कुणाला द्यायची नाही. दुसरी सार्वजनिक, जी कुणालाही दिली तरी हरकत नाही. खासगी किल्लीने केलेली सही सार्वजनिक किल्लीने तपासता येते, पण सार्वजनिक किल्लीवरून खासगी किल्ली काढणं व्यवहारात शक्य नसतं.

आता हेच लॉगिनला लावा. तुम्ही एखाद्या वेबसाइटवर खातं उघडता तेव्हा तुमचा फोन त्या वेबसाइटपुरती एक नवी जोडी तयार करतो. सार्वजनिक किल्ली तिकडे जाते, खासगी तुमच्याकडेच राहते. पुढच्या वेळी वेबसाइट एक लांबलचक, दर वेळी वेगळा आकडा पाठवते. तुम्ही बोट लावता किंवा पिन टाकता, फोन त्या आकड्यावर सही करून परत पाठवतो, वेबसाइट सही तपासते आणि तुम्ही आत. याला पासकी म्हणतात. त्यामागचं वेबऑथन नावाचं मानक मार्च २०१९मध्ये डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने पक्कं केलं आणि मे २०२२मध्ये ॲपल, गूगल व मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ते सगळीकडे आणायचं जाहीर केलं. अँड्रॉइड ९ किंवा त्यापुढचा फोन आणि आयओएस १६ किंवा त्यापुढचा आयफोन असेल तर सोय तुमच्याकडे आहे.

यातली सगळ्यात मोलाची गोष्ट अशी की किल्ली त्या वेबसाइटच्या पत्त्याशी बांधलेली असते. ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाईल, इथे बिल भरा’ असा मेसेज येतो, लिंक उघडली की हुबेहूब बँकेसारखं पान दिसतं. माणूस घाबरलेला असतो, तो पासवर्ड टाकून मोकळा होतो. पासकी असेल तर फोन पत्ता बघतो. त्या पत्त्यासाठी त्याच्याकडे किल्लीच नसते, त्यामुळे द्यायला काही नसतं. चोराने वेबसाइटचा सगळा साठा पळवला तरी त्याच्या हाती फक्त सार्वजनिक किल्ल्या लागतात.

म्हणजे पासकी हेच डिजिटल ओळखपत्र का?

दोन्ही वेगळी आहेत आणि माझ्या मते सगळा घोळ इथेच होतो.

नागपूरच्या ‘आपली बस’मध्ये कंडक्टर तिकीट बघतो, नाव विचारत नाही. त्याला तुम्ही पैसे भरलेत की नाही एवढंच हवं असतं. बहुतेक वेबसाइटींचंही तसंच असतं. ज्याने काल खातं उघडलं तोच आज आला आहे का, एवढंच त्यांना कळायला हवं. त्यासाठी पासकी पुरते. पासकीत तुमचं नाव नसतं, पत्ता नसतो, आणि दोन वेबसाइटींच्या किल्ल्या एकमेकींशी जुळवताही येत नाहीत.

ओळखपत्राची गरज तिथे असते जिथे ‘हा माणूस कोण’ हे कायद्याने कळणं भाग आहे. बँकेत खातं उघडताना, मोबाइलचं सिम घेताना, दुय्यम निबंधकाकडे दस्त करताना, काटोल-नरखेडच्या संत्रा उत्पादकाला अनुदान त्याच्याच सातबाऱ्यावर मिळावं म्हणून. तेही नोंदणीच्या वेळी एकदा. नंतर रोज आत येण्यासाठी पासकीच पुरे. पुस्तकांच्या दुकानाला, बातम्यांच्या ॲपला, मेसच्या डब्याच्या वेबसाइटला तुमच्या ओळखपत्राशी काही देणंघेणं नाही. त्यांनी ते मागूही नये आणि आपण देऊही नये.

आधारनेच सगळीकडे लॉगिन दिलं तर काय बिघडेल? एकच लक्षात ठेवावं लागेल.

सोय कळते. ज्या आजींना सहा पासवर्ड सांभाळावे लागतात त्यांच्यासाठी ही मागणी अगदी रास्त आहे. पण थोडं पुढचं बघा.

आधारचा १२ अंकी क्रमांक जन्मभर तोच राहतो. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोटाचा ठसा बदलता येत नाही. तोच क्रमांक औषधाच्या दुकानाकडे, कर्जाच्या ॲपकडे, कोचिंग क्लासकडे आणि नोकरीच्या पोर्टलकडे असेल, तर यांपैकी कुणीही दोघं आपापल्या याद्या जोडू शकतात. तुम्ही कुठली औषधं घेता, कुणाचे पैसे देणं लागता, कुठे अर्ज केलात हे सगळं एका ओळीत येतं. आज कुणी ते करत नसेलही, पण उद्या करायला अडचण काय उरते?

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ला खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि २६ सप्टेंबर २०१८च्या निकालात आधार कायम ठेवताना कलम ५७मधली, खासगी कंपन्यांना करारावर आधार वापरू देणारी तरतूद रद्द केली. पुढे २०१९च्या दुरुस्तीने बँका आणि मोबाइल कंपन्यांसाठी आधारचा वापर ऐच्छिक म्हणून परत आला. ऐच्छिक याचा अर्थ दुसरं ओळखपत्र दिलं तर त्यांनी काम अडवता कामा नये. काउंटरवरचा माणूस ‘आधारच लागतं’ म्हणाला तर शांतपणे हे सांगा.

देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१०ला आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. हेतू असा होता की ज्याच्याकडे कुठलाच कागद नाही त्याला रेशन आणि पेन्शन मिळताना कुणी हाकलू नये. तो हेतू मला आजही मोठा वाटतो. म्हणूनच पिझ्झा मागवायला तो क्रमांक वापरू नये असं कळकळीने वाटतं.

आणि जिथे द्यावाच लागतो तिथे आधार क्रमांकाऐवजी चालणारा १६ अंकी व्हर्च्युअल आयडी द्या. तो कधीही बदलता येतो आणि त्यावरून मूळ क्रमांक काढता येत नाही. झेरॉक्स द्यायची असेल तर मास्क्ड आधार द्या, त्यावर शेवटचे ४ अंकच दिसतात.

हा प्रयोग आधी कुणी केला आहे का?

केला आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज व्हिस्टाबरोबर कार्डस्पेस नावाची सोय दिली होती. पासवर्डऐवजी पडद्यावर कार्डं दिसत, हवं ते निवडलं की लॉगिन. त्यामागे किम कॅमेरॉन हे अभियंते होते. वेबसाइटला कामापुरती, कमीत कमी माहिती द्यावी हे तत्त्व त्यांनी २००५मध्येच मांडलं होतं. पण कार्डं स्वीकारणाऱ्या वेबसाइटी मोजक्याच होत्या आणि कार्ड एका संगणकात अडकून राहायचं. फेब्रुवारी २०११मध्ये कंपनीने तो नाद सोडला. विचार मात्र टिकला, ओळखपत्रं ठेवायची आजची डिजिटल वॉलेटं त्याच वाटेवर आहेत.

एस्टोनियाने २००२पासून नागरिकांना चिपचं कार्ड दिलं आणि बहुतेक सरकारी कामं त्यावर आणली. २०१७मध्ये चिपमधल्या एका दोषामुळे साडेसात लाखांवर कार्डांच्या किल्ल्या धोक्यात आल्या, तेव्हा सरकारने ते उघडपणे सांगितलं, प्रमाणपत्रं थांबवली आणि नवी दिली. एकाच कार्डावर सगळा देश उभा केला तर अशा दिवसाची तयारी आधीपासून लागते. युरोपीय संघाने २०२४च्या कायद्याने प्रत्येक सदस्य देशाला नागरिकांसाठी डिजिटल वॉलेट द्यायला सांगितलं आहे, त्याची मुदत २०२६अखेरची आहे.

वय सिद्ध करायला पूर्ण कार्ड का दाखवावं लागतं?

खरं तर लागू नये. नव्या पद्धतीच्या ओळखपत्रात प्रत्येक गोष्टीची वेगळी गणिती छाप काढून त्यावर एकत्र सही असते. त्यामुळे ‘वय १८च्या वर आहे’ एवढंच उघड करता येतं. जन्मतारीख, पत्ता, नाव झाकलेलंच राहतं आणि तरी सही तपासता येते. मोबाइलवरच्या ड्रायव्हिंग लायसन्सचं २०२१चं आयएसओ मानक असंच चालतं. आपला २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही सांगतो की संमती कामापुरत्याच माहितीची असावी. तंत्र तयार आहे. तपासणाऱ्यांची ‘दोन्ही बाजूंची झेरॉक्स द्या’ ही सवय सुटायला हवी.

माझ्या बोटाचा ठसा वेबसाइटकडे जातो का?

पासकी वापरताना नाही. ठसा फोनमधल्या सुरक्षित चिपमध्येच तपासला जातो. बाहेर जाते ती फक्त सही. आधारच्या थंबमशिनवर बोट लावता तेव्हा मात्र ठसा तपासायला यूआयडीएआयकडे जातो. आधारचे ठसे एरवी लॉक करून ठेवता येतात. करून ठेवा, गरजेपुरते उघडता येतात.

आईचे ठसेच उमटत नाहीत. मग?

विटांच्या भट्टीवर, शेतात, धुणीभांडी करून बोटं झिजलेली माणसं आमच्याकडे नेहमी येतात. पासकीला ठसा लागतोच असं नाही, फोनचा पिन किंवा पॅटर्न चालतो. हयातीच्या दाखल्यासाठी चेहऱ्यावरून पडताळणी होते, उजेडात बसवा आणि चष्मा काढायला सांगा. तरीही नाही जमलं तर कार्यालयाने दुसरा मार्ग द्यायलाच हवा. यंत्र नाही म्हणालं म्हणून माणूस रिकाम्या हाताने परत जाणं हे मला कधीच पटलेलं नाही.

घरात एकच स्मार्टफोन आहे, चौघं वापरतो.

हा प्रश्न पासकी बनवणाऱ्यांनी फारसा विचारात घेतलेला दिसत नाही, आणि आपल्याकडे तर घरोघरी हेच आहे. फोनचं लॉक उघडता येणारा कुणीही त्या फोनमधल्या पासकी वापरू शकतो. नवऱ्याचा फोन, त्यात बायकोचं बँक खातं, पॅटर्न पोरांना पाठ, म्हणजे किल्ली सगळ्यांचीच झाली. विशेषतः बाईच्या नावावर येणारे पैसे ज्या खात्यात येतात, त्या खात्याची किल्ली तिच्याच हातात असावी.

काही उपाय आहेत. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये दुसरा युजर तयार करता येतो, त्याला वेगळा पिन असतो. बँकेच्या ॲपला स्वतःचा वेगळा पिन ठेवा आणि तो कुणाला सांगू नका. पासकी ठेवायची, पेनड्राइव्हसारखी यूएसबीची सिक्युरिटी की मिळते, ती दागिन्यांच्या डब्यातही राहते, पण ती स्वस्त नाही आणि सगळीकडे चालतही नाही. हे सगळं नको असेल तर पासवर्डच ठेवा, पण खात्यागणिक वेगळा आणि लांब ठेवा. तो वहीत लिहून वही कपाटात ठेवली तरी चालेल. काउंटरवरच्या रजिस्टरपेक्षा घरातली वही कितीतरी बरी.

फोन हरवला किंवा सीताबर्डीच्या गर्दीत चोरीला गेला तर सगळंच गेलं ना?

नाही, पण क्रम चुकवू नका. आधी मोबाइल कंपनीला कळवून सिम बंद करा. यूपीआय आणि बँकेचं ॲप बँकेला सांगून थांबवा. पोलिसांत तक्रार द्या, तिची प्रत घ्या आणि नवं सिम मिळाल्यावर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर जुना फोन ब्लॉक करा. त्यासाठी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक लागतो. तो *#०६# दाबल्यावर दिसतो, आजच डायरीत लिहून ठेवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, उशीर झाला की पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत फिरतात.

पासकींचं म्हणाल तर त्या गूगल किंवा ॲपलच्या खात्यात कुलूपबंद होऊन जपलेल्या असतात. नव्या फोनवर त्याच खात्याने आत गेलात आणि जुन्या फोनचा लॉक पिन टाकलात की परत येतात. म्हणून फोनचा पिन जन्मसाल नसावा, आणि ज्या ईमेलवर सगळं उभं आहे त्याचे रिकव्हरी कोड कागदावर छापून घरात ठेवा.

सायबर कॅफेत जाऊन फॉर्म भरते. तिथे काय सांभाळू?

ई-आधारची पीडीएफ. कॅफेतल्या संगणकाचं ‘डाउनलोड्स’ फोल्डर एकदा उघडून बघा. एकाखाली एक, इतरांच्या आधारच्या फायली तशाच पडलेल्या दिसतील. फाइलला पासवर्ड असतो खरा, पण तो नावाची पहिली ४ इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल असा ठरलेला. शेजारी भरलेल्या फॉर्मची प्रत असेल तर त्यात दोन्ही मिळतं. काम झालं की फाइल पुसा, रिसायकल बिनही रिकामा करा, व्हॉट्सॲप वेबमधून बाहेर पडा.

तिथल्या संगणकावर पासकी साठवू नका. पडद्यावर क्यूआर येतो, तो स्वतःच्या फोनने स्कॅन करून आत जाता येतं. फोन आणि संगणक जवळ आहेत का हे ब्लूटूथवरून तपासलं जातं, त्यामुळे दूर बसलेल्या कुणाला तो क्यूआर उपयोगी पडत नाही.

आमच्या सीएंकडे डीएससीचा, म्हणजे डिजिटल सहीचा, पेनड्राइव्ह आहे. ते हेच का?

तत्त्व तेच, पण त्याचं वजन फार जास्त आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००नुसार त्या पेनड्राइव्हने (त्याला टोकन म्हणतात) केलेली सही तुमच्या हातच्या सहीसारखी धरली जाते. इतवारी, गांधीबागचे अनेक व्यापारी टोकन आणि त्याचा पिन दोन्ही दुसऱ्याच्या कपाटात ठेवून निर्धास्त असतात. म्हणजे सही केलेला कोरा कागद देऊन ठेवणंच झालं. टोकन स्वतःकडे ठेवा, सहीच्या दिवशी घेऊन जा.

ओटीपी आहे ना, तो पुरेसा नाही का?

पासवर्डपेक्षा बरा. पण ओटीपी माणूस फोनवर बोलता बोलता सांगून टाकतो, पासकी सांगताच येत नाही.

मग मी आज काय करू?

आधी ईमेलच्या खात्याला पासकी लावा, गूगलने ही सोय मे २०२३पासून दिली आहे. मग व्हॉट्सॲप. डिजीलॉकर उघडून दहावीची गुणपत्रिका, पॅन, लायसन्स ‘इश्यूड’मध्ये आणा. त्याचा ६ अंकी पिन दुकानदाराला सांगू नका. संचार साथीवर तुमच्या नावावर किती सिम आहेत ते बघा, अनोळखी नंबर असेल तर तिथेच कळवता येतो.

आणि वेबसाइट बनवणाऱ्यांनी?

परसोडीच्या आयटी पार्कात, मिहानमध्ये, कॉलेजांच्या प्रोजेक्टमध्ये पोर्टलं बनवणारी बरीच मुलंमुली हे वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी. लॉगिनला पासकी द्या. दर महिन्याला पासवर्ड बदलायची सक्ती काढा, अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेनेही २०१७मध्ये ती करू नका असंच सांगितलं आहे. ओळखपत्र हवंच असेल तर डिजीलॉकरमधून तेवढाच कागद मागवा, तपासा आणि ‘तपासलं’ एवढी नोंद ठेवून प्रत पुसून टाका. आधारचा रकाना फॉर्ममध्ये कॉपी-पेस्टने येत असेल तर तो का आहे हे साहेबांना विचारा. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी कार्यालयातला एक काउंटर चालू ठेवायला सांगा, आणि त्या काउंटरचा पत्ता व वेळ लॉगिनच्या पानावरच मोठ्या अक्षरांत, मराठीत द्या.